आधी पद ठरले, मग माणूस: लिव्हरपूलच्या २०२४ मधील प्रशिक्षक-निवडीचा अभ्यास

१९ मे २०२४ रोजी ॲनफिल्ड या आपल्या घरच्या मैदानावर इंग्लिश फुटबॉल क्लब लिव्हरपूलचा वुल्व्हजविरुद्धचा हंगामातला शेवटचा सामना संपला आणि युर्गेन क्लॉप हातात माइक घेऊन मैदानात उभे राहिले. साडेआठ वर्षांनंतरचा निरोप होता आणि सगळे प्रेक्षागृह त्यांच्या नावाचा गजर करत होते. क्लॉप यांनी मात्र प्रेक्षकांना आपल्या जागी येणाऱ्या माणसाचे नाव गायला लावले, आणि चाल धरून ते स्वतःच आधी गायले. नेदरलँड्समधील फेयेनूर्ड क्लबचे प्रशिक्षक आर्ने स्लॉट यांची नियुक्ती क्लबने तोवर अधिकृतपणे जाहीरही केली नव्हती. ती घोषणा दुसऱ्या दिवशी, २० मे रोजी झाली. त्या घोषणेत माणसाच्या नावाबरोबर पदाचे नावही बदललेले होते. क्लॉप हे क्लबचे ‘मॅनेजर’ होते. स्लॉट आले ते ‘हेड कोच’, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, म्हणून.

या निवडीबद्दल नंतर जे लिहिले गेले, त्यात आकडेवारीच्या विश्लेषणाला मोठे श्रेय मिळाले. ते अगदीच गैरलागू नाही. तरीही माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग आकडेवारीच्या आधीचा आहे. लिव्हरपूलने निर्णय कोण घेणार हे आधी ठरवले, ते घेणारी माणसे नेमली, मुख्य प्रशिक्षकाच्या वाट्याला किती काम येणार याची सीमा आखली आणि त्यानंतरच त्या आखलेल्या जागेत बसणारा माणूस शोधला. बहुतेक क्लबांत हा क्रम नेमका उलटा असतो, आणि त्याची किंमत दोन-तीन वर्षांनी मोजावी लागते.

इंग्लिश फुटबॉलमध्ये ‘मॅनेजर’ या शब्दाचा पसारा फार मोठा होता. मँचेस्टर युनायटेडमध्ये १९८६ ते २०१३ या काळात सर ॲलेक्स फर्ग्युसन किंवा आर्सेनलमध्ये १९९६ ते २०१८ या काळात आर्सेन वेंगर ज्या पद्धतीने काम करत, त्यात कोणता खेळाडू घ्यायचा, कोणता विकायचा, सराव कसा व्हावा, युवा संघातून कुणाला वर आणायचे, अशा जवळजवळ सर्व गोष्टींवर एकाच माणसाचा शब्द अखेरचा असे. जर्मनी, इटली, नेदरलँड्स या देशांत मात्र खेळाडूंची खरेदी-विक्री आणि करार हे काम स्पोर्टिंग डायरेक्टरकडे आणि सराव, संघनिवड व सामना हे काम प्रशिक्षकाकडे अशी वाटणी फार पूर्वीपासून रुळलेली आहे. या वाटणीमागचा हिशेब साधा आहे. प्रशिक्षक अनेकदा दीड-दोन वर्षांत जातो; खेळाडूंशी झालेले करार चार-पाच वर्षांचे असतात. खरेदी प्रशिक्षकाच्या आवडीवर झाली, तर तो गेल्यावर त्याच्या आवडीचे, पण नव्या माणसाला नको असलेले, महागडे खेळाडू क्लबच्या गळ्यात राहतात.

लिव्हरपूलला हे ज्ञान पुस्तकातून मिळालेले नव्हते. फेनवे स्पोर्ट्स ग्रुप या अमेरिकी कंपनीने ऑक्टोबर २०१० मध्ये क्लब विकत घेतला, डेमियन कोमोली यांना फुटबॉल संचालक केले आणि एप्रिल २०१२ मध्ये त्यांना निरोपही दिला. त्या उन्हाळ्यात ब्रेंडन रॉजर्स आले, ते आपल्या डोक्यावर फुटबॉल संचालक नसेल या बोलीवर. मालकांना एका माणसाच्या हाती सगळे द्यायचे नव्हते आणि मॅनेजरला वर कुणी नको होते. त्यातून खरेदीसाठी एक समिती निघाली. समितीत सर्वांचे मत होते, म्हणून जबाबदारी नेमकी कुणाचीच नव्हती. २०१५ च्या उन्हाळ्यात या तडजोडीचे रूप सर्वांना दिसले. हॉफेनहाइमकडून रॉबर्टो फिर्मिनो आणि ॲस्टन व्हिलाकडून क्रिस्टियन बेंटेके असे दोन आघाडीपटू एकाच वेळी घेतले गेले, आणि त्या वेळच्या वृत्तांकनाप्रमाणे पहिला समितीच्या पसंतीचा व दुसरा रॉजर्स यांच्या पसंतीचा होता. दोघांची खेळण्याची पद्धत इतकी वेगळी की एकाला साजेसा संघ दुसऱ्याला पोषक ठरणे कठीणच होते. ४ ऑक्टोबर २०१५ रोजी रॉजर्स यांना काढण्यात आले. बेंटेके पुढच्याच उन्हाळ्यात क्रिस्टल पॅलेसला गेला; फिर्मिनो २०२३ पर्यंत राहिला.

क्लॉप आल्यावर घडी बसली, आणि ती बसण्यात मायकेल एडवर्ड्स यांचा वाटा मोठा होता. विश्लेषण विभागातून वर आलेले एडवर्ड्स २०१६ मध्ये स्पोर्टिंग डायरेक्टर झाले. २०१७ चा प्रसंग प्रसिद्ध आहे: क्लॉप यांचा कल जर्मन क्लब लेव्हरकुसेनच्या युलियान ब्रांटकडे होता, तर एडवर्ड्स आणि त्यांचे सहकारी रोमाच्या मोहम्मद सलाहसाठी आग्रह धरून होते. सलाह आला. येथे कोण बरोबर ठरला यापेक्षा महत्त्वाचे हे की मतभेद झाल्यावर तो मिटवायचा कसा, याची रीत क्लबात होती, आणि ती रीत मान्य करण्याइतका मोठेपणा क्लॉप यांच्याजवळ होता. अशी रीत कागदावर नसते. ती दोन माणसांच्या परस्परविश्वासावर उभी असते. म्हणूनच त्यांतला एक गेला की ती डळमळते. २०२२ मध्ये एडवर्ड्स गेले. त्यांच्या जागी आलेले ज्युलियन वॉर्ड एका हंगामानंतर गेले. संशोधन विभाग उभारणारे इयन ग्रॅहम २०२३ मध्ये गेले. त्यानंतर योर्ग श्मादके काही महिन्यांपुरते आले. प्रत्येक जाण्याबरोबर मोकळी झालेली जागा क्लॉप यांच्या वजनाने आपोआप भरत गेली. यात त्यांनी काही बळकावले असे म्हणता येणार नाही. उरलेला एकच खांब होता, म्हणून छप्पर त्याच्यावर आले.

अशा स्थितीत २६ जानेवारी २०२४ रोजी क्लॉप यांनी हंगामाअखेर आपण जात असल्याचे जाहीर केले. अंगातली शक्ती संपत चालली आहे, असे कारण त्यांनी दिले. मालकांना त्यांनी हे नोव्हेंबरमध्येच सांगितले होते. प्रत्यक्षात त्या दिवशी क्लबपुढे रिकाम्या होणाऱ्या दोन जागा होत्या, एक दिसणारी आणि एक न दिसणारी.

मालकांनी न दिसणारी जागा आधी भरली. मार्च २०२४ मध्ये एडवर्ड्स परत आले, या वेळी फेनवेच्या संपूर्ण फुटबॉल कारभाराचे प्रमुख म्हणून. लगेच काही दिवसांत बोर्नमथचे रिचर्ड ह्यूज हे लिव्हरपूलचे नवे स्पोर्टिंग डायरेक्टर असतील, असे जाहीर झाले. मुख्य प्रशिक्षकाचा शोध वेग घेऊ लागला तो त्यानंतर. सर्वांना घाई असताना दोन महिने या कामात घालवणे सोपे नव्हते, कारण पाठीराखे आणि पत्रकार नाव मागत होते. नोव्हेंबरपासून मिळालेल्या अवधीचा हा खरा उपयोग होता. हंगामाच्या मध्यावर एका वाईट पराभवानंतर मॅनेजरला काढणाऱ्या क्लबला असा अवधी मिळत नाही; त्याला आठवड्याभरात कुणीतरी हवा असतो, आणि जो मोकळा असतो तोच मग योग्यही वाटू लागतो.

ह्यूज यांच्या निवडीतही एक संकेत होता. जून २०२३ मध्ये बोर्नमथने गॅरी ओ’नील यांना काढले. त्यांनी नुकतेच संघाला प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमधून खाली जाण्यापासून वाचवले होते, त्यामुळे या निर्णयावर सडकून टीका झाली. त्यांच्या जागी अँडोनी इराओला आले आणि नव्या हंगामातल्या पहिल्या नऊ लीग सामन्यांत संघाला एकही विजय मिळाला नाही. क्लबने हात मागे घेतला नाही. तो हंगाम बोर्नमथने ४८ गुणांसह बाराव्या स्थानावर संपवला. प्रीमियर लीगमधली त्यांची तोवरची ती सर्वोत्तम गुणसंख्या होती. ताज्या निकालांपेक्षा खेळाच्या पद्धतीवरून प्रशिक्षक पारखायचा आणि पारखल्यावर डगमगायचे नाही, ही सवय असलेला माणूस लिव्हरपूलने मुद्दाम शोधला, असे मानायला जागा आहे.

आता उमेदवार. सुरुवातीला सर्वांच्या तोंडी शाबी अलोन्सो यांचे नाव होते. २००४ ते २००९ या काळात ते लिव्हरपूलकडून खेळलेले, आणि त्यांचा लेव्हरकुसेन संघ त्या हंगामात बुंडेसलीगा या जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये एकही सामना न हरता पहिल्यांदाच विजेता होण्याच्या वाटेवर होता. भावनेच्या दृष्टीने याहून योग्य निवड नव्हती. २९ मार्च रोजी अलोन्सो यांनी लेव्हरकुसेनमध्येच राहणार असल्याचे सांगितले. एप्रिलमध्ये चर्चा स्पोर्टिंग लिस्बनच्या रुबेन अमोरिम यांच्याकडे वळली आणि थोड्याच दिवसांत विरली. एप्रिल संपण्याच्या आत स्लॉट यांनी आपल्याला लिव्हरपूलला जायचे आहे हे उघड सांगितले. नेमणूक झाली की सगळेच पूर्वनियोजित होते असे सांगण्याचा मोह क्लबांना होतो. अलोन्सो यांनी होकार दिला असता तर हे प्रकरण वेगळे लिहावे लागले असते, हे येथे नोंदवून ठेवतो. मात्र स्लॉट हे नाइलाजाने पुढे आलेले नाव होते, हेही खरे नाही. क्लब जे निकष लावत होता, ते सर्व एकत्र घेतले तर त्यांचे नाव वर येत होते.

पहिला निकष हाती असलेल्या संघाचा होता. लिव्हरपूलकडे अलिसन, व्हर्जिल व्हॅन डाइक, ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड, सलाह असे खेळाडू होते आणि २०२३ च्या उन्हाळ्यात मधली फळी जवळजवळ नव्याने उभारली गेली होती: ॲलेक्सिस मॅक ॲलिस्टर, डॉमिनिक सोबोस्लाई, वातारू एंडो आणि रायन ग्रावेनबर्ख. हा संघ चार बचावपटू आणि रुंदीवर खेळणारे दोन आघाडीपटू या रचनेसाठी घडवलेला होता. अमोरिम यांची ओळख तीन मध्य-बचावपटू आणि दोन विंग-बॅक (दोन्ही कडांनी बचाव आणि चढाई असे दोन्ही करणारे खेळाडू) अशा ३-४-३ रचनेची. ती चांगली की वाईट हा प्रश्नच नव्हता. तिच्यासाठी किमान तीन-चार नवे खेळाडू घ्यावे लागले असते, सलाहची जागा नव्याने शोधावी लागली असती आणि नुकत्याच घेतलेल्या मधल्या फळीपैकी कुणीतरी बाकावर बसला असता. स्लॉट यांचा फेयेनूर्ड संघ ४-३-३ आणि ४-२-३-१ या रचनांत खेळत असे, उंचावर जाऊन दबाव टाकत असे आणि चेंडू आपल्याकडे ठेवत असे. म्हणजे क्लॉप यांचा संघ त्यांच्या हाती न उसवता देता येत होता.

दुसरा निकष कामाच्या वाटणीचा. फेयेनूर्ड हा खेळाडू विकून जगणारा क्लब आहे. २५ मे २०२२ रोजी तिराना येथे स्लॉट यांचा संघ कॉन्फरन्स लीगचा अंतिम सामना रोमाकडून १-० असा हरला, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या संघातले लुईस सिनिस्टेरा, टायरेल मलासिया, मार्कोस सेनेसी असे कणखर खेळाडू विकले गेले. (सेनेसीला विकत घेणारा क्लब होता बोर्नमथ, आणि तिथे तेव्हा खरेदीचे काम पाहणारे होते रिचर्ड ह्यूज. फेयेनूर्डचे सामने ते आधीपासून बारकाईने पाहत असणार.) दुसऱ्या एखाद्या मॅनेजरने या विक्रीवरून वर्षभर तक्रार केली असती. स्लॉट यांनी क्लबने दिलेल्या नव्या खेळाडूंसह त्याच हंगामात, २०२२-२३ मध्ये, नेदरलँड्सचे विजेतेपद मिळवले. २०२३ मध्ये टॉटनहॅमला ते हवे होते, तेव्हा ते फेयेनूर्डमध्येच राहिले. २०२४ मध्ये त्यांनी डच चषकही जिंकला. माझ्या मते त्यांच्या अर्जातली सर्वांत भारदस्त ओळ ही आहे: संघ हातातून निसटत असतानाही काम चालू ठेवता येणे. एका माणसाच्या पसंतीवर खरेदी न करणाऱ्या क्लबला नेमका हाच गुण हवा असतो, आणि मुलाखतीत तो पारखणे फार कठीण असते, कारण मुलाखतीत प्रत्येक जण वाटणी मान्य असल्याचेच सांगतो.

तिसरा निकष विश्लेषणाचा. लिव्हरपूलच्या संशोधन विभागाचे काम आता विल स्पिअरमन पाहत होते. भौतिकशास्त्रात हार्वर्डची पीएचडी घेऊन आणि सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या प्रयोगांवर काम करून ते फुटबॉलकडे वळलेले. या विभागाची परंपरा जुनी आहे. २०१५ मध्ये क्लॉप लिव्हरपूलला येण्याआधी त्यांच्या जर्मन क्लबचा, डॉर्टमुंडचा, २०१४-१५ चा हंगाम सातव्या स्थानावर संपला होता, आणि वरवर पाहता क्लॉप संपले असे वाटत होते. ग्रॅहम यांनी प्रत्येक सामन्यातल्या संधींचा हिशेब मांडून दाखवले की संघ जितका वाईट दिसत होता तितका वाईट खेळत नव्हता, नशीब त्याच्या विरोधात गेले होते. २०२४ मध्येही प्रश्न तसाच होता: उपलब्ध पैसा आणि खेळाडू पाहता या संघाकडून जितकी अपेक्षा होती, त्यापेक्षा प्रशिक्षकाने किती जास्त काढले, संघाचा खेळ लिव्हरपूलच्या खेळाशी किती मिळताजुळता होता, आणि खेळाडू दुखापतींविना किती उपलब्ध राहिले. शेवटचा मुद्दा बाहेरून किरकोळ वाटतो. पण क्लॉप यांच्या शेवटच्या वर्षांत दुखापतींनी संघ पोखरला गेला होता, आणि जो क्लब फार खेळाडू विकत घेत नाही त्याला असलेले खेळाडू मैदानावर दिसणे हीच खरेदी असते.

विरोधातला मोठा मुद्दा डच लीगच्या दर्जाचा होता. तिथल्या यशाचा इंग्लंडमध्ये काय भाव, ही शंका रास्त होती, कारण उदाहरण ताजे होते. मँचेस्टर युनायटेडने २०२२ मध्ये आयाक्सहून एरिक टेन हाग यांना आणले, आणि त्यांच्यामागोमाग लिसांड्रो मार्टिनेझ, आंतोनी, आंद्रे ओनाना असे त्यांचे जुने खेळाडू आले. एकट्या आंतोनीसाठी सुमारे साडेनऊ कोटी युरो मोजले गेले. या उदाहरणातून लोकांनी डच प्रशिक्षक इंग्लंडमध्ये चालत नाहीत असा निष्कर्ष काढला. मला त्यात वेगळेच दिसते. युनायटेडने प्रशिक्षक नेमला आणि खरेदीची चावीही त्याच्याच खिशात जाऊ दिली, कारण तिला ठेवायला दुसरा खिसा क्लबकडे नव्हता. लिव्हरपूलने स्लॉट यांच्यासाठी फेयेनूर्डला, वृत्तांप्रमाणे, सुमारे ९० लाख युरो आणि कामगिरीनुसार आणखी काही रक्कम देण्याचे कबूल केले. एका प्रशिक्षकासाठी ही रक्कम थोडी नाही. पण त्यांच्यामागोमाग फेयेनूर्डचा एकही खेळाडू आला नाही. आले ते सहायक सिप्के हुल्शोफ आणि शारीरिक तयारीचे रुबेन पेटर्स.

पहिल्या उन्हाळ्यात क्लबने जे केले, ते मी या प्रकरणाचा कसोटीचा भाग मानतो. खालच्या मधल्या फळीसाठी रेआल सोसिएदादच्या मार्टिन सुबिमेंदीला आणायचा प्रयत्न झाला आणि त्याने नकार दिला. पर्यायी नाव घाईने उचलले गेले नाही. शेवटी फेदेरिको किएझा तेवढा आला, आणि गोलरक्षक जॉर्जी ममार्दाश्विलीचा करार झाला, पण तो आणखी एक वर्ष व्हॅलेन्सियातच राहणार होता. जुन्या पद्धतीचा मॅनेजर येथे पत्रकार परिषदेत खदखदला असता. स्लॉट यांनी सुबिमेंदीसाठी राखलेल्या जागेवर ग्रावेनबर्खला उभे केले. हा खेळाडू आदल्या वर्षी बायर्न म्युनिकहून आणलेला आणि क्लॉप यांच्या हाताखाली बहुधा बदली म्हणून खेळलेला. पाठीवर माणूस घेऊन चेंडू स्वीकारायचा, अर्धे वळण घेऊन त्याच्या बाजूने निसटायचे आणि वीस-पंचवीस पावले मोकळ्या जागेत चेंडू नेत राहायचे, ही त्याची लकब खालच्या जागेवर इतकी शोभली की डिसेंबरपर्यंत सुबिमेंदीचे नाव कुणी काढेनासे झाले.

स्लॉट यांचा पहिला लीग सामना १७ ऑगस्ट २०२४ रोजी इप्सविचमध्ये झाला. मध्यंतराला ०-० अशी बरोबरी होती. दुसऱ्या अर्धात तरुण मध्य-बचावपटू जॅरेल क्वान्सा मैदानावर परतलाच नाही. त्याच्या जागी इब्राहिमा कोनाते आला. कारण विचारल्यावर स्लॉट यांनी आडपडदा न ठेवता सांगितले की समोरासमोरच्या झटापटी आपण फार हरत होतो. लिव्हरपूलने सामना २-० असा जिंकला. घटना लहान आहे, पण वाटणीचा अर्थ तिच्यात दिसतो: खरेदीवर ज्याचा शब्द अखेरचा नाही, त्याचा मैदानावरचा शब्द कुठेही अडखळलेला नव्हता. त्याच हंगामात सलाह, व्हॅन डाइक आणि अलेक्झांडर-अर्नोल्ड या तिघांचे करार संपत आले होते आणि दर आठवड्याला त्यावर प्रश्न येत. नोव्हेंबरमध्ये सलाहने आपण क्लबात राहण्यापेक्षा जाण्याच्या अधिक जवळ आहोत असे जाहीरपणे म्हटले, तेव्हा क्लबात खळबळ माजायला हवी होती. वाटाघाटी ह्यूज यांच्याकडे असल्याने स्लॉट त्या वादात ओढले गेले नाहीत. ज्या खेळाडूशी सोमवारी पैशांवरून घासाघीस करायची, त्यालाच शनिवारी बाकावर बसवायची वेळ त्यांच्यावर आली नाही. एप्रिल २०२५ मध्ये सलाह आणि व्हॅन डाइक यांनी नवे करार केले. अलेक्झांडर-अर्नोल्ड रेआल माद्रिदला गेला.

२७ एप्रिल २०२५ रोजी टॉटनहॅमला ५-१ असे हरवून, चार सामने शिल्लक असतानाच, लिव्हरपूलने आपले विसावे लीग विजेतेपद निश्चित केले. येथे मात्र आकड्यांकडे थंड डोक्याने पाहायला हवे. क्लॉप यांच्या शेवटच्या हंगामात संघाने ८२ गुण मिळवले होते आणि तो तिसरा आला होता. स्लॉट यांच्या पहिल्या हंगामात त्याने ८४ गुण मिळवले आणि तो पहिला आला. दोन्ही हंगामांत केलेले गोल ८६, दोन्ही हंगामांत स्वीकारलेले गोल ४१. फरक पडला तो इतरत्र: आदल्या वर्षी मँचेस्टर सिटीचे ९१ आणि आर्सेनलचे ८९ गुण होते, या वर्षी आर्सेनल ७४ वर आणि सिटी ७१ वर थांबले. म्हणजे प्रशिक्षक बदलल्याने लिव्हरपूल झेपावले असे गुणतक्ता सांगत नाही. तो सांगतो की साडेआठ वर्षांची एवढी मोठी सत्ता हस्तांतरित झाली आणि संघ तसूभरही खाली आला नाही. फर्ग्युसन आणि वेंगर गेल्यावर त्यांच्या क्लबांचे काय झाले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या न हलण्याची किंमत कळेल. खेळ अगदी तोच राहिला असेही नाही. आधी गोल स्वीकारून मग जिवाच्या आकांताने पाठलाग करण्याची क्लॉप यांच्या शेवटच्या हंगामातली सवय कमी झाली आणि चेंडूवरचा ताबा शांत झाला. पण हे बदल बसलेल्या घडीच्या आतले होते.

याच काळात दुसरीकडे उलटा प्रयोग चालू होता, आणि योगायोगाने त्याच्या केंद्रस्थानी लिव्हरपूलने बाजूला ठेवलेले नाव होते. मँचेस्टर युनायटेडने ऑक्टोबर २०२४ अखेर टेन हाग यांना काढून अमोरिम यांना आणले, तेही हंगामाच्या मध्यात, आणि पदाचे नाव येथेही ‘हेड कोच’ असेच होते. चार बचावपटूंसाठी जमवलेला संघ ३-४-३ मध्ये कोंबला गेला. विंग-बॅकच्या जागी खेळू शकेल असे माणूसबळच अपुरे होते. क्लबचे स्पोर्टिंग डायरेक्टर डॅन ॲशवर्थ जुलैमध्ये येऊन डिसेंबरमध्ये गेलेही. हंगाम पंधराव्या स्थानावर, ४२ गुणांवर संपला. अमोरिम यांनी रचना सोडली नाही आणि जानेवारी २०२६ मध्ये त्यांना काढले गेले. त्याच्या आदल्याच दिवशी त्यांनी पत्रकारांना ठणकावले होते की आपण या क्लबात नुसते कोच म्हणून नव्हे, मॅनेजर म्हणून आलो आहोत. या वाक्यासाठी मी त्यांना दोष देत नाही. तीन मध्य-बचावपटूंवर ठाम असलेला माणूस क्लबने डोळे उघडे ठेवून नेमला होता, आणि त्याच्या पदाची सीमा त्याला व क्लबला एकसारखी दिसत होती की नाही हे कुणी तपासले नव्हते. लिस्बनमध्ये यशस्वी ठरलेला प्रशिक्षक रातोरात अडाणी होत नाही. तो चुकीच्या चौकटीत जाऊन बसतो.

लिव्हरपूलच्या प्रकरणाला दुसरी बाजू लागली ती २०२५ च्या उन्हाळ्यात. स्लॉट यांची निवड ज्या संघाशी जुळते म्हणून झाली होती, तो संघच क्लबने वर्षभरात बदलला. फ्लोरियान विर्ट्झ १० कोटी पौंड आणि वरच्या रकमेला, अलेक्झांडर इसाक १२ कोटी ५० लाख पौंडांच्या ब्रिटिश विक्रमी किमतीला, शिवाय ह्यूगो एकितिके, मिलोश केर्केझ, जेरेमी फ्रिम्पाँग. बाहेर गेले अलेक्झांडर-अर्नोल्ड, लुईस दियाझ आणि डार्विन नुन्येझ. ३ जुलै रोजी दियोगो जोताचे अपघाती निधन झाले, आणि त्या शोकाचा हिशेब कोणत्याही खरेदी-विक्रीच्या तक्त्यात बसत नाही. पहिले पाच लीग सामने जिंकल्यावर संघ कोसळला: सर्व स्पर्धा मिळून बारा सामन्यांत नऊ पराभव, त्यांत नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून ॲनफिल्डवर ३-० आणि चारच दिवसांनी तिथेच पीएसव्ही या डच क्लबकडून ४-१.

यावरून २०२४ ची निवड चुकली असे म्हणणे उथळपणाचे होईल, तसेच २०२४-२५ च्या विजेतेपदावरून ती बरोबर ठरली असे म्हणणेही. निवडीच्या वेळी विचारलेला प्रश्न ‘हा माणूस या संघाला जुळतो का’ असा होता आणि त्याचे उत्तर नीट शोधले गेले. पुढच्या वर्षीचा प्रश्न उलटा होता: हा नवा संघ या माणसाला जुळतो का. तो तितक्याच शांतपणे, तितकाच वेळ देऊन विचारला गेला होता का, याबद्दल मला शंका आहे, कारण सलाहच्या मागची बाजू सांभाळणारी, आठ वर्षांत मुरलेली उजवीकडची व्यवस्था मोडत असताना तिच्या जागी काय येणार हे शरद ऋतूतल्या त्या सामन्यांत कुठेच दिसले नाही. वाटणी असलेल्या क्लबात खरेदीचे निर्णय अनेकांचे असतात. पीएसव्हीविरुद्धच्या पराभवानंतर त्यांबद्दल प्रश्न विचारले गेले ते मात्र पत्रकारांसमोर बसलेल्या एकट्या मुख्य प्रशिक्षकाला. सामन्याआधी आणि सामन्यानंतर त्या खुर्चीत बसणे हे काम वाटणीत त्याच्याकडे आले आहे.